कोलारच्या खाणीत उतरलेले विज्ञान

१/
हा धागा वाचताना एक हात मोकळा असेल तर तळहात क्षणभर आकाशाकडे धरा. दर सेकंदाला साधारण एक ‘म्यूऑन’ नावाचा कण त्यातून आरपार जात आहे. तो दिसत नाही, टोचत नाही. हात, टेबल, मजला आणि खालची माती भेदून तो पुढे जातो. तो नेमका किती खोल जातो? हा प्रश्न मुंबईच्या काही शास्त्रज्ञांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात विचारला आणि उत्तरासाठी ते सोन्याच्या खाणीत उतरले. त्या खाणीत पुढे जे घडले, त्याची ही हकीकत.

२/
आरंभी एक मूलभूत बाब. द्रव्याचे स्वरूप जाणण्यासाठी वेगवान कणच का लागतात? साध्या सूक्ष्मदर्शकात आपण प्रकाशाने पाहतो. परंतु प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान वस्तू त्यात स्पष्ट दिसू शकत नाही. कणांनाही तरंगलांबी असते आणि ऊर्जा वाढत जाते तशी ती आखूड होत जाते. म्हणजेच जितके सूक्ष्म पाहावयाचे, तितकी अधिक ऊर्जा हवी. रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या केंद्रकाचा निष्कर्ष काढला, तो सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळून विखुरलेल्या अल्फा कणांवरूनच.

३/
अधिक ऊर्जेचा दुसरा लाभ याहून विलक्षण आहे. आदळणाऱ्या कणाची ऊर्जा पुरेशी असेल, तर त्या ऊर्जेतून पूर्वी तेथे नसलेले नवे कण जन्मास येतात. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे कण प्रयोगशाळेत निर्माण करणे मानवाच्या आवाक्याबाहेर होते. ते आकाशातून विनामूल्य बरसत आहेत, हे कळले मात्र एका त्रासदायक दोषाचा माग काढताना.

४/
तो दोष असा : विद्युतदर्शी नावाच्या उपकरणात सोन्याची दोन पातळ पाने असतात. विद्युतभार दिला की ती एकमेकांपासून दूर होतात. उपकरण कितीही बंदिस्त ठेवले, तरी ही पाने हळूहळू मिटत. भार कोठेतरी गळत होता. बहुतेकांची समजूत अशी, की जमिनीतील किरणोत्सारी पदार्थ त्यास कारणीभूत आहेत. तसे असेल, तर जमिनीपासून दूर गेल्यावर गळती कमी व्हावयास हवी.

५/
७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून ५००० मीटरहून अधिक उंचीवर गेले. तेथे गळती कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढलेली आढळली. कारण जमिनीत नसून आकाशात होते! हेच ‘वैश्विक किरण’. याच किरणांत कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला आणि १९३६ मध्ये नेडरमेयर यांच्यासह म्यूऑन. हेस व अँडरसन यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोजमापात अडथळा आणणाऱ्या गळतीतून एक नवे शास्त्र जन्मले. हे सूत्र ध्यानात ठेवा. या कथेत ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

६/
आता मुंबईकडे वळू. १९०९ मध्ये मुंबईत जन्मलेले होमी भाभा केंब्रिजमध्ये वैश्विक किरणांवरच काम करीत होते. १९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह एक सिद्धांत मांडला : उच्च ऊर्जेचा एकच इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला, की त्यातून प्रकाशकण, प्रकाशकणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या, पुन्हा त्यांतून प्रकाशकण, अशी मालिका सुरू होते आणि कणांचा अक्षरशः वर्षाव होतो. परंतु या वर्षावातील सर्वच कण लवकर थोपत नाहीत. काही कण शिशाच्या जाड थरांतूनही पार जात. हेच म्यूऑन.

७/
१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी मायदेशी आले, महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, स्थापन झाली. आरंभी बंगळुरूत आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत. नव्या देशाजवळ महागडे कण-त्वरक यंत्र नव्हते. पण वैश्विक किरण कोणत्याही देशाच्या तिजोरीकडे पाहून बरसत नाहीत. शिवाय आपल्याजवळ एक अशी गोष्ट होती, जी जगात फारच थोड्यांजवळ होती : अतिशय खोल खाण.

८/
तत्कालीन म्हैसूर राज्यातील कोलार गोल्ड फील्ड्स, अर्थात ‘केजीएफ’. १८८० पासून जॉन टेलर अँड कंपनीने येथे आधुनिक पद्धतीने सोने काढावयास सुरुवात केली. सोन्याचा माग घेत खाण जमिनीखाली तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. तळाशी असह्य उष्मा असे. खडकावरील प्रचंड दाबामुळे भिंती एकाएकी फुटत. या शिलास्फोटांत अनेक कामगारांचे प्राण गेले. ही खोली विज्ञानासाठी खोदलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या खाणकामगारांनी जिवावर उदार होऊन ती खोदली होती. भौतिकशास्त्राला ती आयती मिळाली, याचे भान या कथेत सुटता कामा नये.

९/
भाभांच्या प्रेरणेने तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकांतन १९५० च्या दशकाच्या आरंभी येथे उपकरणे घेऊन आले. कल्पना साधी होती. म्यूऑन खडकातून जाताना दर मीटरमागे ठरावीक ऊर्जा गमावतो. म्हणून जो जितका खोल पोहोचला, त्याची मूळ ऊर्जा तितकी अधिक. खडक हीच मोजपट्टी! वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजले, की आकाशातून येणाऱ्या कणांत कोणत्या ऊर्जेचे किती, याचा हिशेब मांडता येतो.

१०/
पुढे जपानचे एस. मियाके यांच्यासह व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमण मूर्ती यांनी ही मोजणी आणखी खोल नेली. प्रत्येक टप्प्यावर म्यूऑनांची संख्या घटत गेली. अखेर सुमारे २७६० मीटर खोलीवर उपकरणे ठेवली. आठवडे उलटले, एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. मोजणीचा निकाल शून्य! १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे शून्य वरवर पाहता अपयश वाटेल. प्रत्यक्षात त्यातच पुढील शोधाचे बीज होते.

११/
कारण त्या शून्याचा अर्थ असा, की येथे आकाशाचा गोंगाट पोहोचत नाही. भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही. त्यासाठी निःशब्द गाभारा हवा. कोलारची खाण हा तसा गाभारा होता. आणि भौतिकशास्त्रात एक कण असा होता, की ज्याची चाहूल कुजबुजीहूनही क्षीण असते. तो म्हणजे न्यूट्रिनो.

१२/
१९३० मध्ये वुल्फगांग पाउली यांनी न्यूट्रिनोची कल्पना केवळ कागदावर मांडली होती. त्याला विद्युतभार नाही आणि द्रव्याशी त्याचा संबंध जवळजवळ येतच नाही. संपूर्ण पृथ्वी तो सहज पार करतो. १९५६ मध्ये फ्रेडरिक राइनस व क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रिनो प्रथम टिपले. पण ते अल्प ऊर्जेचे होते. वैश्विक किरण वातावरणावर आदळले, की त्यातून पायॉन नावाचे कण, पायॉनांच्या क्षयातून म्यूऑन आणि त्यांच्या जोडीने प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रिनो निर्माण होत असले पाहिजेत, असे सिद्धांत सांगत होता. ते प्रत्यक्ष पाहिलेले मात्र कोणी नव्हते.

१३/
आता योजनेतील खुबी पाहा. न्यूट्रिनो क्वचित खडकातील एखाद्या केंद्रकावर आदळतो आणि तेथे म्यूऑन निर्माण होतो. त्या म्यूऑनला टिपावयाचे. पण तो न्यूट्रिनोपासूनच जन्मला, थेट आकाशातून आला नाही, हे कसे ओळखावे? दिशेवरून! वरून सरळ खाली येणाऱ्या म्यूऑनला दोन-अडीच किलोमीटर खडक ओलांडावा लागतो. आडव्या दिशेने येणाऱ्यास त्याच्या अनेक पट. ते कोणत्याही म्यूऑनला अशक्य. म्हणून आडवा धावणारा म्यूऑन दिसला, की तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोमुळे जन्मला, असे खात्रीने म्हणता येते. खडक एकाच वेळी ढालही झाला आणि जाळेही.

१४/
टीआयएफआर, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून हा प्रयोग उभारला. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, रमण मूर्ती, नरसिंहम, मियाके, आर्नल्ड वुल्फेन्डेल ही त्यांतील प्रमुख नावे. स्थळ : चॅम्पियन रीफ खाण, खोली सुमारे २.३ किलोमीटर. समोरासमोर दोन उभ्या भिंती रचल्या. त्यांत कण शिरताच क्षणभर चमकणारे प्लास्टिक. दोन्ही भिंती जवळजवळ एकाच क्षणी चमकल्या, की मधल्या निऑन वायूच्या नळ्या उजळून कणाची वाट दाखवत. नंतर केवळ प्रतीक्षा.

१५/
या शर्यतीत कोलार एकटे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, तेच राइनस आपल्या सहकाऱ्यांसह याच न्यूट्रिनोच्या शोधात बसले होते. दोन खंडांतील दोन सोन्याच्या खाणी आणि दोघांचे लक्ष्य एकच!

१६/
निकाल काय लागला? आफ्रिकेतील गटाने पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ रोजी नोंदवली. कोलारची पहिली घटना त्यानंतर काही आठवड्यांनी आली. मात्र शोधनिबंध आधी पोहोचला तो कोलारचा : १२ जुलैला नियतकालिकाकडे दाखल, १५ ऑगस्ट १९६५ ला प्रसिद्ध. आफ्रिकेच्या गटाचा निबंध २६ जुलैला दाखल झाला आणि ३० ऑगस्टला प्रसिद्ध झाला. म्हणून ‘पहिले कोण’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे : पाहिले त्यांनी आधी, प्रसिद्ध केले आपण आधी. दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे एकच सत्य शोधले. अभिमान बाळगण्यास इतके पुरेसे आहे. अर्धा इतिहास झाकण्याची गरज नाही.

१७/
भाभांनी हे यश पाहिले. त्यानंतर काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. टीआयएफआरची धुरा मेनन यांच्याकडे आली. कोलारचे काम थांबले नाही. आणि लवकरच त्या गाभाऱ्यासाठी याहून मोठा प्रश्न वाट पाहू लागला : द्रव्य चिरंतन आहे काय?

१८/
प्रत्येक अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात आणि प्रोटॉन कधीच नाश पावत नाही, अशी समजूत होती. १९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय व शेल्डन ग्लॅशो यांनी निसर्गातील तीन बले एकाच सूत्रात गुंफणारा सिद्धांत मांडला. त्याचा एक परिणाम थक्क करणारा होता : प्रोटॉनही मर्त्य आहे! सिद्धांतानुसार त्याचे सरासरी आयुष्य एकावर तीस शून्ये इतक्या वर्षांच्या आसपास येत होते. विश्वाचे वय अवघे १३८० कोटी वर्षे. मग ही गोष्ट तपासावी कशी?

१९/
एका प्रोटॉनकडे तितकी वर्षे पाहत बसणे अशक्य. पण तितके प्रोटॉन एकत्र करून एक वर्ष पाहणे शक्य आहे. कोलारमध्ये २.३ किलोमीटर खोलीवर १४० टनांचे यंत्र उभे राहिले : लोखंडी पत्र्यांचे थर आणि मध्ये वायूने भरलेल्या कणमापक नळ्या. या लोखंडात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून सुमारे आठावर एकतीस शून्ये इतके कण होते. त्यांपैकी एखादा जरी विघटित झाला, तरी त्यातून सुटणारे वेगवान कण नळ्यांत आपला माग सोडणार होते. १९८० च्या अखेरीस नोंदी सुरू झाल्या. अशा शोधासाठी खास उभारलेल्या जगातील पहिल्या यंत्रांपैकी हे एक होते.

२०/
आणि खरोखरच काही माग उमटले! यंत्राच्या आतच सुरू होऊन आतच संपणाऱ्या, प्रोटॉनक्षयासारख्या दिसणाऱ्या घटना गटाने प्रसिद्ध केल्या आणि जगाचे लक्ष कोलारकडे वळले. परंतु एक शंका पाठ सोडत नव्हती. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो यंत्रातील लोखंडावर आदळला, तरी साधारण असाच माग उमटतो. म्यूऑन खडकाने रोखता येतो. न्यूट्रिनोला रोखणारी खोली पृथ्वीवर कोठेच नाही. १९६५ मध्ये ज्याच्या शोधासाठी सारा खटाटोप केला, तोच न्यूट्रिनो आता गोंगाट ठरला होता.

२१/
निवाडा मोठ्या यंत्रांनी केला. अमेरिकेत ओहायोतील मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचे यंत्र १९८२ मध्ये सुरू झाले. जपानच्या कामिओका खाणीतील ३००० टनांचे १९८३ मध्ये. द्रव्य इतके अधिक, की कोलारच्या घटना खऱ्या प्रोटॉनक्षयाच्या असत्या तर तेथे त्यांची रांग लागली असती. तसे घडले नाही. कोलारच्या गटाने दुसरे मोठे यंत्रही उभारले, पण प्रोटॉनक्षय सिद्ध झाला नाही. तो आजही कोणालाच दिसलेला नाही. एका प्रमुख प्रकारच्या क्षयासाठी प्रोटॉनचे आयुष्य एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, इतकेच आज म्हणता येते. मूळ सिद्धांताचे सर्वांत सोपे रूप त्यामुळे बाद झाले.

२२/
मग हे सारे व्यर्थ गेले काय? येथे आपले सूत्र पुन्हा भेटते. प्रोटॉनक्षयाच्या शोधात नको असलेले वातावरणीय न्यूट्रिनो काटेकोर मोजावे लागले आणि मोजणी अपेक्षेशी जुळेना. जपानमध्ये ५०,००० टन पाण्याचे सुपर-कामिओकांडे उभे राहिले. १९९८ मध्ये ताकाआकी काजिता यांनी त्याचे निष्कर्ष जाहीर केले : पृथ्वीच्या पलीकडील बाजूने, सुमारे १३,००० किलोमीटर अंतर कापून येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो अपेक्षेच्या जवळपास निम्मेच भरतात.

२३/
उरलेले गेले कोठे? वाटेत त्यांनी रूप बदलले होते. आणि रूप बदलण्यासाठी न्यूट्रिनोला वस्तुमान असावे लागते. प्रस्थापित सिद्धांतात मात्र ते शून्य धरलेले होते. द्रव्याविषयीच्या आपल्या समजुतीला पडलेला हा एक मोठा तडा. या शोधासाठी काजिता यांना आर्थर मॅक्डोनाल्ड यांच्यासह २०१५ चे नोबेल मिळाले. ज्या गोंगाटामुळे प्रोटॉनक्षयाचा माग ओळखता येत नव्हता, त्यातच शोध दडलेला होता. आणि या गोंगाटाची पहिली कुजबुज ऐकली होती, ती १९६५ मध्ये, दोन सोन्याच्या खाणींनी.

२४/
इकडे कोलारचे सोने आटत चालले होते. खाण तोट्यात गेली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोग गुंडाळावे लागले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, हजारो कुटुंबांचा आधार तुटला. उपसा थांबताच पाणी भरू लागले. ज्या गाभाऱ्यात आकाशाचा आवाज पोहोचत नव्हता, तो आज पाण्याखाली आहे. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराखाली नवी न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या योजनेस केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली. पण स्थानिक विरोध, पर्यावरणाचे प्रश्न व न्यायालयीन वाद यांत ती अडकली.

२५/
कोलारचा इतिहास केवळ ‘आपण पहिले होतो’ या वाक्यात मावत नाही. तेथे एक शून्य मोजले गेले आणि ते उपयोगी पडले. तेथे एक शोध लागला आणि पंधरा वर्षांनी तोच अडथळा झाला. तेथे एक दावा झाला आणि मोठ्या पुराव्यापुढे तो टिकला नाही. विज्ञान असेच पुढे जाते. हेस यांच्या विद्युतदर्शीपासून सुपर-कामिओकांडेपर्यंत, ज्यांनी नकोशी नोंद पुसून न टाकता तिचे कारण विचारले, त्यांनाच द्रव्याने आपले स्वरूप थोडे थोडे उलगडून दाखवले.

आता पुन्हा एकदा तळहाताकडे पाहा. हा धागा वाचून होईपर्यंत शेकडो म्यूऑन त्यातून निघून गेले आहेत.

(धागा समाप्त)